नत्थूजी भाटाच्या पोथीतला गोरा सरदार

माझ्या पोरीची सोयरीक एका गोऱ्या सरदारानं मोडत आणली होती. तोही जिता नाही, मेलेला. अन् मेलेलाही काल-परवा नाही, सहाशे वर्षांआधी. आता अशा माणसाले आमच्या घरात कोण आणन? आणणारे आमचे हे. चंद्रभान सखाराम भोयर, राहणार वाडी, अमरावती रोड, धंदा खानसाम्याचा. तिथं खाटेवर बसून सुपारी कातरून राहिले ना, तेच. ऐकू येते त्याईले सगळं. ऐकू द्या.

हे पंधरा वर्षांचे असतील, तेव्हा गावची पाच एकर भावाकडे सोडून नागपुरात आले अन् सदरमधे केर्नसाहेबाच्या बंगल्यावर कामाले लागले. केर्नसाहेब म्हणजे मिशनच्या शाळेतले मास्तर अन् पाद्री. मूळचे स्कॉटलंडचे. त्याईले इंग्रज म्हटलेलं खपत नव्हतं. "गोपिकाबाई, इंग्रज निराळे, आम्ही निराळे," असं त्याईनं एकदा मले अर्धा घंटा समजावून सांगतलं. मी म्हटलं, साहेब, आमाले तुम्ही दोघंही उकडलेल्या बटाट्यासारखेच दिसता. साहेब इतके हसले का चहा सांडला.

साहेबानं लग्न केलं नव्हतं. एक भाऊ होता तो लढाईत गेला. शाळेतून रिटायर झाले, तरी माघारी गेले नाही. म्हणत, "तिकडे मला ओळखणारं एक कुत्रंही उरलेलं नाही." मराठी त्याईचं पुस्तकातलं, पुण्याच्या धाटणीचं. पण आमच्या ह्याईच्या संगतीनं त्यात हळूहळू नागपूर शिरलं. "चंद्रभान, मला भूक लागून राहिली आहे," असं काहीतरी बोलत. अन् आमचे हे काय शिकले? तर संत्र्याचा गर टाकून सालीचा कडू मुरब्बा कराले शिकले. सालंच खाची तर संत्रं लावता काहून, म्हणून मी विचारलं. उत्तर अजून भेटलं नाही.

तर त्या साहेबाच्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे हा सरदार. नाव सर अ‍ॅलन. दुपारच्या चहाले साहेब त्याची गोष्ट सांगत अन् हे दाराशी उभे राहून ऐकत. गोष्ट अशी, का त्या मुलखाचा राजा लढाई हरून, जखमी होऊन पळून राहिला होता. वाटेत नदी. राजा नदीच्या उतारावरून, पाणी कमी असते तिथून, पार झाला अन् मागं दुश्मनाची फौज आली. अ‍ॅलननं उताराच्या मधोमध घोडा आडवा लावला. सकाळपासून सांजेपर्यंत एकाही माणसाले नदी ओलांडू देली नाही. तलवार मोडली तर भाला घेतला, भाला मोडला तर नुसत्या ढालीनं लढला. राजा वाचला.

चांगली गोष्ट आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती ह्याईच्या तोंडून पंधराशे वेळा ऐकाले भेटली तर माणसानं काय करावं? दूधवाल्याले सांगत, न्हाव्याले सांगत, वाडीच्या चहाच्या टपरीवर ट्रकवाल्याईले सांगत. पंजाबचा ट्रक, त्याले नागपूर-अमरावतीचा रस्ता विचाराचा असे, अन् हे त्याले स्कॉटलंडच्या नदीत उतरवत. ती नदीही दरसाल रुंद होत गेली. मी नवी सून होती तेव्हा आपल्या नाग नदीएवढी होती. मंग कन्हानएवढी झाली. जयवंता मॅट्रिकले बसली तोवर त्या नदीची वैनगंगा झाली होती. अन् सरदार लढाईआधी न्याहारीले काय खाते? तर ज्वारीची भाकर अन् ठेचा. मी म्हटलं, "अवो, तिकडं ज्वारी होते काय?" तर म्हणे, "मंग काय बिस्कुट खाऊन लढला असन?"

साहेब दर रविवारी, प्रार्थना आटोपली का सायकलवर आमच्या घरी येत. तेव्हा वाडीले आजच्यासारखे गोदामं नव्हते, निरा मोकळा रस्ता होता. साहेब ओट्यावर बसत. मी चहा देत होती. आता खरं सांगाचं तर खरं सांगते. त्याईच्यासाठी एक चिनी मातीची कपबशी वेगळी ठेवली होती, निळ्या फुलाची. ओट्यावरच्या कोनाड्यात राहे. घरात आणत नव्हती. साहेब अंडं खात, आणखी काय काय खात, देव जाणे. माझ्या चुलीले ते कसं चालन? चहा झाला का साहेब स्वतःच बादलीतल्या पाण्यानं कप धुवत अन् पालथा घालून ठेवत. कधी वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही. मीही कधी पाहिलं नाही म्हणा.

एक दिवस साहेब म्हणाले, "गोपिकाबाई, तो म्हातारा रस्त्यानं गेला तर तुम्ही पदर डोक्यावर घेतला. माझे केस त्याच्याहून पांढरे आहेत. माझ्यासमोर का नाही घेत?"

मी म्हटलं, "ते माझे चुलतसासरे होते, साहेब. सासऱ्यापुढं पदर घेतात. तुम्ही आमचे कोण?"

"खरंच," साहेब म्हणाले. "मी कोण?" अन् हसले. मीही हसली. उचलली जीभ अन् लावली टाळ्याले, ही माझी सवय जुनीच आहे.

मंग त्याईची तब्येत उतरत गेली. एकदा ह्याईले म्हणाले, "चंद्रभान, मी या घराण्यातला शेवटचा. माझ्यानंतर अ‍ॅलनची गोष्ट कोण सांगणार?" हे म्हणाले, "मी सांगन, साहेब. मरेपर्यंत सांगन." झालं. शब्द देला. कोणाची म्हैस अन् कोणाले उठबस! पण ह्याईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

आता नत्थूजी भाटाचं सांगते. आमच्या कुणब्यात भाट येते. दहा-बारा वर्षांतून एकदा, पीक घरात आलं का लाल फडक्यात बांधलेली पोथी घेऊन येते. पाटावर पोथी ठेवते, तिले हळदीकुंकू लागते, अन् मंग तो तुमच्या घराण्याच्या मूळ पुरुषापासून नावं वाचते. नवं लेकरू झालं असन तर त्याचं नाव लिहिते. सोयरीक जुळवाच्या आधी चोख माणसं भाटाची पोथी वाचून घेतात. पोथीत जे लिहिलं ते लिहिलं, मंग ब्रह्मदेव आला तरी हलत नाही.

चौसष्ट साली नत्थूजी आले तो रविवार होता. साहेब ओट्यावर बसलेले. पोथी पाहून त्याईचे डोळे असे चमकले का विचारू नका. आमाले एकच पोरगी, जयवंता, नऊ वर्षांची. भाट पोरीचं नाव लिहीत नाही. पण साहेबानं हट्ट धरला, का लिहा. नत्थूजीनं डोकं खाजवत लिहिलं. तेवढ्यात आमच्या ह्याईले अवदसा आठवली. म्हणे, "नत्थूजी, आमच्या साहेबाच्या घराण्यातही एक सरदार होऊन गेला. त्याचं नाव कोपऱ्यात कुठं लिहून घ्या गा. साहेबाच्या मागं कोणी नाही, पोथीत तरी राहीन."

नत्थूजी जातीचा भाट. नाव ऐकताच त्याईनं सरदाराचं बारसं केलं, "अलनसिंह!" मंग विचारलं, "गोत्र काय? कुळदैवत कोणतं?" साहेब विचारात पडले. म्हणाले, "ढालीवर हरणाचं शिंग आहे, चालेल का?" मले हसू आवरेना. मी चहा ठेवाले आत गेली, हे शिधा काढाले कोठीत गेले. बाहेर आलो तवर पोथी बांधून झाली होती. साहेब मांडीवर हात ठेवून गप बसले होते. मले वाटलं, उन्हानं थकले.

साहेब एकोणसत्तर साली गेले. नागपुरातच मातीले लागले. हे तीन दिवस जेवले नाही. मंग चौथ्या दिवशी टपरीवर गेले अन् पहिल्या ट्रकवाल्याले धरलं.

अन् आलं पंचाहत्तर साल. जयवंता वीस वर्षांची झाली. काटोलकडचं स्थळ आलं. पोट्टा मुकुंद, शाळेत मास्तर, बोलण्याचालण्याले सरळ. जयवंतानं त्याले एकदाच पाहिलं अन् त्या दिवसापासून दाळीत मीठ दोनदा पडाले लागलं. मी समजली. पोरीचं मन बसलं होतं, अन् आमच्या ऐपतीच्या घरी यापेक्षा चांगलं स्थळ पुन्हा येणार नव्हतं.

पोट्ट्याचा बाप वामनराव. चाळीस एकर जमीन, संत्र्याचा बगीचा, अन् मान ताठ. मूळचे सावनेरकडच्या गरीब घरचे. काटोलच्या एका निपुत्रिक पाटलाच्या घरी दत्तक गेले, तिथून भाग्य उघडलं. हे सगळ्या जातीले ठाऊक, पण त्याईच्या तोंडावर कोणी काढत नव्हतं. वामनरावची एकच अट, "कुळ पाहून घेतो. नत्थूजीले बोलवा, पोथी वाचू द्या." नत्थूजी दोन्ही घरचे भाट. मी म्हटलं, वाचू द्या ना. आमच्या कुळात काय खोट आहे?

चैत्रातली सकाळ. मी पुरणपोळी केली, पाटोड्यांचा रस्सा केला. वामनराव अन् त्याईच्या घरच्या सिंधूताई सतरंजीवर बसले. जयवंता आतल्या दाराआड. नत्थूजीनं पोथी उघडली अन् गळा साफ करून वाचाले सुरुवात केली. भोयरांचा मूळ पुरुष, त्याचा पोरगा, त्याचा पोरगा, असं करत सखारामवर आले, सखारामचा चंद्रभान. वामनराव मान डोलवून राहिले होते. मी हळूच कुंकवाचा करंडा जवळ ओढला.

नत्थूजी थांबले नाही. "चंद्रभान दोन घरचा," त्याईनं वाचलं. "दुसरं घर. मूळ पुरुष अलनसिंह, नदीचा उतार राखणारा, घोड्याचा स्वार, ढालीवर हरणाचं शिंग. त्याच्या वंशी केर्नसाहेब. केर्नसाहेबाचा चंद्रभान."

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. इथं तर व्याही व्हायच्या आधीच घोडं दारात आलं. 

"हे काय?" वामनराव म्हणाले. "केर्नसाहेब? गोरा? तुम्ही क्रिस्ताव झाले होते का?"

"नाही नाही," आमचे हे चाचरले. "मी नुसतं नाव कोपऱ्यात लिहाले सांगतलं होतं. मालक होते माझे. मी खानसामा होतो त्याईचा."

"खानसाम्याच्या कुळात साहेब? लोक तोंडात शेण घालतीन आमच्या." वामनरावनं पोथीवर बोट ठेवलं. "नत्थूजी, एवढ्या ओळी खोडा. आत्ता खोडा, मी आत्ता कुंकू लावून जातो. नाहीतर आम्ही निघतो."

ह्याईनं दाराकडं पाहिलं. दाराआडून जयवंताच्या बांगड्याचा आवाज आला अन् बंद झाला. मले दिसून राहिलं होतं, का ह्याईच्या आत काय चालून राहिलं. एकीकडं पोरगी, एकीकडं मेलेल्या माणसाले देलेला शब्द.  मंग हे खाली मान घालून म्हणाले, "खोडा, नत्थूजी."

मी जन्मभर त्या सरदाराची थट्टा केली. पण तो "खोडा" माझ्याच जिवाले लागला. असं वाटलं का माझ्या माणसाले कोणी भर बैठकीत नागवलं.

नत्थूजीनं टाक उचललाच नाही. म्हणाले, "तुम्ही म्हटलं म्हणून खोडता येत नाही, चंद्रभान. तुम्ही लिहून घेतलं नाही."

"मंग कोणं?"

"साहेबानं. तुम्ही कोपऱ्यात लिहा म्हटलं अन् शिधा आणाले कोठीत गेले. साहेबानं मले विचारलं, ज्याले पोरगं नाही त्याच्या घराण्याचं पोथीत काय करता? मी सांगतलं, दत्तक असला तर दत्तक लिहितो, नाहीतर पान बंद करतो. साहेब म्हणे, मग लिहा, चंद्रभान. मी म्हटलं, त्याले विचारू का? म्हणे नको. तो घाबरून नाही म्हणेल. म्हणेल, मी नौकर माणूस. पण आमच्या घराण्यात असं पहिल्यांदा होत नाही. अन् त्याईनं मले त्या अलनसिंहाची पुरी गोष्ट सांगतली."

"गोष्ट मले पाठ आहे," मी म्हटलं. पंधराशे वेळा ऐकलेली.

"शेवट सांगा मंग," नत्थूजी म्हणाले.

"राजा वाचला."

"त्याच्या पुढचा."  नत्थूजी सांगू लागले, "अलनसिंहाले पोरगं नव्हतं. उतारावर लढाई लागली तेव्हा त्याचे सख्खे चुलत सगळे पळाले. मागं एकच राहिला, त्याच्या घोड्याले दाणा-पाणी करणारा मोतद्दार. दिवसभर धन्याच्या पाठीशी पाठ लावून उभा राहिला. सांजेले अलनसिंहानं आपली ढाल त्याच्या हाती देली अन् म्हणे, आजपासून तू माझा पोरगा. केर्नसाहेबाचं घराणं त्या मोतद्दाराचं. साहेब म्हणे, एकदा घोडेवाल्यानं आमचं घराणं चालवलं, आता स्वयंपाकवाला चालवेल."

मी ह्याईकडं पाहिलं. "तुमाले ठाऊक होतं हे?"

"ठाऊक होतं," हे पुटपुटले. "पण मी ते सांगत नव्हतो. साहेबाच्या घराण्याले मोतद्दाराचं मूळ. लोक हसले असते साहेबाले."

बघा आता! साहेब बिचारे दर चहाले त्या शेवटापर्यंत येत असतील, का ह्या ठोंब्याले आज तरी उमगन. अन् हा ठोंब्या साहेबाची इज्जत राखाले तोच शेवट झाकून ठेवत होता. नदी रुंद करणं सुचलं, पण हे नाही उमगलं.

वामनराव खाकरले. "ते सगळं ठीक आहे. पण दत्तक म्हणजे काही खरं रक्त नव्हे. कुळ म्हणजे रक्त."

आता माझ्या जिभेले कोण आवरन? मी म्हटलं, "बरोबर बोलले, वामनराव. नत्थूजी, दत्तक खोडाचाच असन तर आज सगळेच खोडून टाका. आधी भोयराचं पान काढा, मंग काटोलच्या पाटलाचं."

 ह्याईनं डोळे मिटून घेतले. मले वाटलं, गोपिके, घातली माती. लेकीच्या ताटात तूच माती घातली.

अन् सिंधूताई हसल्या. तोंडाले पदर लावून, खांदे हलवत हसल्या. म्हणाल्या, "अवो, तीस वर्षं झाली, मी दत्तकाच्याच घरी नांदून राहिली. माझं तर काही अडलं नाही. तुमच्या त्या पाटीलबाबाईनं तुमाले पोटाशी धरलं तेव्हा रक्त तपासलं होतं काय?"

वामनरावनं मिशीवरून हात फिरवला. मंग एकदम आवाज उतरला त्याईचा. "बाबा गेले तेव्हा मीच खांदा देला होता," म्हणाले. "पाटलाचे भाऊबंद शेतावर हक्क सांगाले आले होते, खांद्याले नाही." अन् माझ्याकडं वळून, "बाई, जीभ लय तिखट आहे तुमची. पोरगी तुमच्यावर गेली का बापावर?"

"बापावर," मी म्हटलं. "खोटं बोलता येत नाही तिले."

"मंग लावा कुंकू."

सोयरीक जुळली, जेवणं झाली, पाहुणे गेले. मी भांडे घासाले बसली. हे ओट्यावर बसले होते. मी जवळ गेली तर ह्याईच्या डोळ्याले पाणी. म्हणे, "मी खानसामा, गोपिका. मी दाराशी उभा राहून गोष्ट ऐकत होतो. एकदाही खुर्चीवर बसलो नाही."  मी म्हटलं, उगी राहा, पोरीचं ठरलं तर रडतात काय. अन् तेवढ्यात माझी नजर कोनाड्यात गेली.

ती निळ्या फुलाची कपबशी तिथंच होती. साहेबानं शेवटची पालथी घातली तशीच. सहा वर्षं कोणी हात लावला नव्हता. कुंभारमाशीनं तिच्या कानाशी मातीचं घर केलं होतं.

साहेब ह्याईचे बाप, तर माझे कोण? हा हिशोब कराले भाट लागत नाही. दहा-पंधरा वर्षं मी आपल्या सासऱ्याले उंबऱ्याच्या बाहेर चहा देला. सासऱ्यानं स्वतःचा कप स्वतः धुतला अन् सुनेनं धुवू देला. चौसष्ट सालापासून त्याईले ठाऊक होतं, का ही माझी सून आहे. दर रविवारी आठ मैल सायकल मारून येत, अन् एका शब्दानं बोलले नाही. मले लाज वाटली. अजूनही वाटते. त्याईनं विचारलं होतं, मी कोण, अन् मी हसली होती.

अक्षय तृतीयेले आमच्याकडं पितरांच्या घागरी भरतात. नवी कोरी मातीची घागर, थंड पाणी, वर खरबूज, पुढं पानावर आमरस-पुरणपोळी. दरसाली मी दोन भरत होती, सासऱ्याची अन् सासूची. त्या वर्षी कुंभाराकडून तीन आणल्या. ह्याईनं पहाटेच उठून संत्र्याच्या सालीचा तो कडू मुरब्बा केला अन् पावाच्या तुकड्याले लावून पानावर ठेवला. म्हटलं ठेवा, आज काही बोलत नाही.

मी कोनाड्यातला कप काढला. मातीचं घर अलगद खरवडलं. तीन पाण्यानं धुतला अन् उंबरा ओलांडून घरात आणला. चुलीवर चहा ठेवला, साहेबाले लागत होता तसा, कमी साखरेचा. कपात ओतला. तिसऱ्या घागरीजवळ गेली, पाटापुढं वाकली, अन् बशी खाली टेकवाच्या आधी डोक्यावर पदर घेतला.